एका महिन्याचे वाचन आणि सेंट मेरी मीडची म्हातारी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून येथे देत आहे.)



प्रथम बसून बोलण्याची परवानगी मागते. पाय आता बरा आहे, पण अर्धा तास उभे राहण्याची हमी तो अजून देत नाही. आणि आजच्या भाषणाचे मूळही त्या पायातच आहे. आषाढातल्या एका सोमवारी जिन्यातल्या ओल्या पायरीवरून मी घसरले, घोट्याचे हाड मोडले आणि डॉक्टरांनी महिनाभर पाय जमिनीला लावायचा नाही असे बजावले. चिटणीसबाई समाचाराला आल्या तेव्हा माझ्या उशाशी पुस्तकांची चळत होती. त्यांनी ती पाहिली आणि तिथल्या तिथे सांगून टाकले की बऱ्या झालात की ‘माझे एका महिन्याचे वाचन’ यावर बोलायचे. त्यांना वाटले असावे की संतवाङ्मय असेल, निदान एखादे चरित्र तरी. वरच्या पुस्तकाला मी वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते. आत खून होता.

हसू नका. कव्हर घालण्याची सवय फार जुनी आहे. आमच्या लहानपणी, दादरच्या चाळीत, वडील बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आणीत. छोटी, पातळ, एका बैठकीत संपणारी. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावे तेव्हा घरोघर ठाऊक होती. वडिलांनी वाचावी, दादाने वाचावी, आम्ही मुलींनी मात्र हात लावायचा नाही! मुलींची डोकी बिघडतात म्हणे. तेव्हा मी ती तांदळाच्या पिंपामागे बसून वाचली. डोके बिघडले की नाही हे तुम्ही ठरवा. पण दुपारी गोष्टीचे पुस्तक हातात घेतले की कुणीतरी ‘काम नाही का?’ असे विचारील ही धास्ती मला सत्तरी आली तरी सुटली नाही. नवऱ्याने कधी विचारले नाही, सासूबाईंनी दोनदाच विचारले असेल. पण धास्ती आपली आपणच जपून ठेवतो. या महिन्यात पहिल्यांदाच काम नव्हते, आणि नाही म्हणून सांगायला पायाला प्लास्टर होते.

पहिला आठवडा वर्तमानपत्रे आणि कण्हण्यात गेला. मग सूनबाईने वाचनालयातून अगाथा ख्रिस्ती आणून दिली. काही मराठी अनुवाद, काही मूळ इंग्रजी. माझे इंग्रजी शाळेपुरते, तेव्हा पाने सावकाश उलटत. रात्री जेवणे आटोपली की सूनबाई तिच्या लॅपटॉपवर त्याच गोष्टींची जुनी इंग्रजी मालिका लावी आणि आम्ही दोघी पाहत बसू. अशा गोष्टींना इंग्रजीत ‘कोझी’ म्हणतात असे तिने सांगितले. मला लगेच आपल्या भरतकामाच्या वर्गातली टीकोझी आठवली, किटलीवर घालायची ती कापसाची टोपी. तुलना अगदीच वाईट नाही. आत उकळते असते, बाहेरून मऊ आणि फुलाफुलांचे. या गोष्टींत खून होतो पण रक्ताचे वर्णन नसते. गाव लहान, माणसे मोजकी, सगळी एकमेकांकडे चहाला जाणारी. आणि शोध लावणारा बहुधा पोलीस नसतो, आपल्यातलाच कुणीतरी असतो.

ख्रिस्तीबाईंविषयी थोडे सांगते. जन्म इंग्लंडात टॉर्की गावी, 1890 सालचा. पहिल्या महायुद्धात त्यांनी इस्पितळात शुश्रूषा केली, नंतर तिथल्याच औषधालयात काम केले, आणि विषांची सारी माहिती तिथे मिळवली. पहिली कादंबरी 1920 साली निघाली. 1926 मध्ये त्यांची आई गेली, आणि त्याच वर्षी नवऱ्याने सांगितले की माझे मन दुसरीवर बसले आहे, मला घटस्फोट हवा. डिसेंबरात एका रात्री बाई मोटार घेऊन निघाल्या आणि नाहीशा झाल्या. मोटार सापडली, बाई नाहीत. साऱ्या इंग्लंडने शोधाशोध केली. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या, आणि तिथल्या नोंदवहीत त्यांनी आडनाव लावले होते ते त्या दुसरीचे! या दिवसांविषयी त्यांनी आपल्या आत्मचरित्रातही अवाक्षर काढले नाही. लोक अजून तर्क करतात. मला तर्क करावासा वाटत नाही. एवढी पुस्तके लिहून सगळ्यांची गुपिते उघडी करणाऱ्या बाईने स्वतःचे एक गुपित ठेवले तर ठेवू दे.

पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, त्यांच्या एका कथेत मिस जेन मार्पल पहिल्यांदा आली. अविवाहित म्हातारी, हातात लोकर आणि सुया, राहणार सेंट मेरी मीड. आपली आजी आणि आजीच्या मैत्रिणी यांच्यावरून ती सुचली असे ख्रिस्तीबाईंनी सांगून ठेवले आहे. आजी स्वभावाने आनंदी, पण प्रत्येकाविषयी वाईटच कल्पना करायची, आणि ती कल्पना बहुतेक वेळा खरी निघायची. अशी एक आजी प्रत्येकीच्या माहेरी असते. पुढे मिस मार्पलच्या बारा कादंबऱ्या आणि वीस कथा झाल्या. शेवटची कादंबरी 1976 साली, बाईंच्या मृत्यूनंतर निघाली.

‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ या संग्रहातल्या पहिल्या कथेत मिस मार्पलच्याच घरी मंडळी जमली आहेत. स्कॉटलंड यार्डचा निवृत्त प्रमुख, एक वकील, एक पाद्री, एक चित्रकार मुलगी आणि लेखक असलेला भाचा. प्रत्येकाने एकेक खरे रहस्य सांगायचे आणि बाकीच्यांनी उकलायचे असा बेत ठरतो. आपल्याला गृहीत धरलेच नाही हे कोपऱ्यात विणत बसलेल्या मावशीच्या ध्यानात येते. मग सगळ्यांचे अंदाज चुकतात आणि उत्तर ती देते. त्या पहिल्या कोड्याची किल्ली आहे पुडिंगावर भुरभुरायच्या रंगीत साखरेच्या दाण्यांत. यार्डच्या प्रमुखाला ते दाणे कसे ठाऊक असावेत? स्वयंपाकघरात तो कधी गेला असेल? हे वाचून मी अंथरुणातच टाळी वाजवली, आणि पाय दुखला.

तिची रीत साधी आहे. माणसे सगळीकडे सारखीच, असे तिचे मत. लंडनच्या बड्या धनवानाला पाहून तिला गावचा दुकानदार आठवतो, नटीला पाहून कुणाची मोलकरीण. ‘यावरून मला आमच्या गावातल्या अमकीची आठवण झाली’ असे ती म्हणू लागली की पोलीस जांभया देतात. आपण बोलू लागलो की घरचे पुरुष देतात तशाच. पण त्या अमकीतच उत्तर असते.

पडद्यावरची मार्पल जोन हिक्सन या नटीने केली आहे. 1984 ते 1992 या काळात बीबीसीने बाराही कादंबऱ्या चित्रित केल्या. सुरुवात केली तेव्हा हिक्सनबाई 78 वर्षांच्या होत्या! ख्रिस्तीबाईंनी त्यांना 1940 च्या दशकात रंगभूमीवर पाहिले होते आणि पुढे कधीतरी तुम्ही माझी मिस मार्पल करावी अशी चिठ्ठी पाठवली होती, असे सांगतात. ते करून दाखवीपर्यंत चाळीस वर्षे गेली आणि चिठ्ठी पाठवणारी जगात नव्हती. मार्गारेट रदरफोर्ड यांनी 1960 च्या सुमारास केलेले चित्रपट सूनबाईने दाखवले, पण ती मार्पल फार दणकट वाटली. हिक्सनबाई खोलीत आल्याचे कळतसुद्धा नाही. फक्त डोळे हलतात. अमेरिकेची ‘मर्डर, शी रोट’ ही मालिकाही दोन रात्री पाहिली. त्यातली निवृत्त शिक्षिका मला आवडली, पण एका चिमुकल्या गावात दर आठवड्याला खून पडू लागल्यावर मी सूनबाईला म्हटले, तिथली घरे स्वस्त मिळत असतील.

आपल्याकडचे ‘ब्योमकेश बक्षी’ मात्र सगळ्यांनी पुन्हा पाहावे. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या कथा, बासू चटर्जींचे दिग्दर्शन. 1993 साली दूरदर्शनवर लागत तेव्हा मी अर्धे लक्ष कुकरच्या शिट्यांकडे ठेवून पाहिले होते. रजित कपूरचा ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. त्याची बायको सत्यवती झाली आहे आपली सुकन्या कुलकर्णी. या सत्यवतीची आणि त्याची भेट एका खुनाच्या तपासात झाली, तिच्या भावावर आळ आलेला असताना. निरपराधावरचा आळ दूर करणे हे अशा गोष्टींचे अर्धे काम. हे मी तेव्हा फारसे मनावर घेतले नव्हते.

आता जे सांगायचे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला, ते सांगते.

पडल्यानंतर दहाव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की बोटात अंगठी नाही. लग्नातली अंगठी, साधीच. रोज आंघोळीला जाताना मी ती काढून न्हाणीघरातल्या फळीवर ठेवते. तेव्हा पडले त्या सकाळीही तिथेच ठेवली असणार. नुसते ‘असणार’ नव्हे, मला ती तिथे ठेवलेली डोळ्यांपुढे दिसत होती. न्हाणीघर कोण धुते? आमच्या मावशी. नऊ वर्षे आमच्याकडे आहेत. मी आजारी पडल्यापासून काम झाले की माझ्या पलंगाजवळ बसून चहा घेत आणि दोन गोष्टी बोलून जात.

मी आळ घेतला नाही. मी फक्त विचारले, ‘मावशी, फळीवर अंगठी दिसली का हो?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. तिसऱ्या दिवशी जरा निराळ्या सुरात विचारले. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, आपली पिशवी आणली आणि माझ्या पलंगावर पालथी केली. मिश्रीची डबी, फडक्यात बांधलेली भाकरी, एक कंगवा, मुलीच्या शाळेची फीची पावती. मग एकेक वस्तू परत भरली, म्हणाल्या, ‘आजी, बघितलंत ना?’ आणि भांडी घासायला गेल्या. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आल्या. चहा स्वयंपाकघरात उभ्यानेच घेतला.

त्या रात्री मी वाचीत होते ती कादंबरी ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’, 1950 सालची. गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात येते की शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अमुक घरी खून होणार आहे. सगळे शेजारी, जणू हळदीकुंकवाचे बोलावणे असावे तसे, काहीतरी सबब काढून हजर होतात. दिवे जातात, दार उघडते, कुणीतरी विजेची बत्ती रोखतो, गोळ्या सुटतात. नंतर पोलीस विचारतात तेव्हा जो तो सांगतो, दारात बुरखा घातलेला मनुष्य होता, हातात पिस्तूल होते. पण अंधारात तोंडावर बत्तीचा झोत असताना त्यांना काय दिसले असेल? काहीच नाही. त्यांनी पाहिले नव्हते, दिसायला हवे होते ते सांगितले होते. खोटे कुणीच बोलत नव्हता.

याच कादंबरीत लढाईनंतरच्या इंग्लंडविषयी मिस मार्पल काही बोलते तेही लागू पडते. पूर्वी गावात नवे कुणी आले की कुणाची तरी ओळख घेऊन येई. आता शेजारी म्हणजे एक रेशनकार्ड, त्यावर लिहिले असेल ते खरे मानायचे. आमच्या इमारतीत तेवढेही नाही, दारावरची पाटी आहे.

पण माझे वाचन बत्तीच्या झोतापाशीच थांबले. पुस्तक मिटले आणि स्वतःला विचारले, बाई, तू अंगठी फळीवर ठेवलेली पाहिलीस का? की रोज ठेवतेस म्हणून तुला दिसते? त्या सोमवारी सकाळी पाण्याचा टँकर आला होता, आंघोळ व्हायचीच होती, मी खाली वॉचमनला सांगायला निघाले होते. म्हणजे अंगठी बोटात होती. पडताना मी हात टेकला होता. तो हातही सुजला होता, पण घोट्याच्या दुखण्यापुढे हाताला कोण विचारतो? इस्पितळात माझ्याबरोबर कोण होते? शेजारच्या वहिनी. आणि वहिनी दुसऱ्याच दिवशी लेकाकडे नागपूरला गेल्या होत्या, म्हणून त्यांना विचारायचे कुणालाच सुचले नव्हते.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. सूनबाईने फोन लावला. वहिनी झोपेतून उठून म्हणाल्या, ‘अहो, बोट सुजत होते म्हणून नर्सने साबण लावून काढली, मी एक्सरेच्या पाकिटात टाकली. तुम्हाला सांगितले की!’ सांगितलेही असेल. पाकीट कपाटावर होते. सूनबाईने स्टुलावर चढून ते काढले आणि उलटे केले तशी अंगठी फरशीवर पडून टणकन वाजली.

मला आनंद झाला असे तुम्हाला वाटेल. मी रात्रभर झोपले नाही.

सकाळी मावशी आल्यावर मी हात जोडून सांगितले की चूक माझी, अंगठी घरातच होती, मला क्षमा करा. त्या म्हणाल्या, ‘मिळाली ना? बरं झालं,’ आणि केरसुणी घेतली. सूनबाई मला म्हणाली, आई, तुम्ही माफी मागितलीत, झाले. पण तसे ते होत नाही.

त्यानंतरचे पुस्तक मी निवडून घेतले असते तर नक्कीच टाळले असते. ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’, 1953 सालचे. एका श्रीमंताच्या घरी खून पडतात, त्यांत ग्लॅडिस नावाची मोलकरीणही मारली जाते. वाळत घातलेल्या कपड्यांजवळ तिचे प्रेत सापडते, नाकाला कपड्यांचा चिमटा लावलेला. मालकांच्या खुनाकडे पोलिसांचे लक्ष आहे. ग्लॅडिससाठी कुणी रडत नाही. ही अनाथाश्रमातली मुलगी, तिला घरकाम शिकवले होते मिस मार्पलने. बातमी वाचून म्हातारी गाडीत बसते आणि त्या घरी येते. तिला राग आला आहे तो खुनाचा आहेच, पण त्याहून त्या चिमट्याचा. मेलेल्या मुलीची केलेली ती थट्टा तिला सहन होत नाही. अगदी शेवटी ती घरी परत येते तेव्हा ग्लॅडिसने मरणापूर्वी लिहिलेले पत्र येऊन पडलेले असते. काय करू ते कळत नाही, तुम्ही या, असे विनवणारे. पत्र आधी हाती आले असते तर... हे मी सांगणार नाही, वाचा. मालिकेतही हिक्सनबाई ते पत्र वाचतात तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे न पाहता बसलो होतो.

या पुस्तकांत दोष नाहीत असे नाही. योगायोग फार. परदेशी माणूस आला की तो बहुधा हास्यास्पद, आधीच्या कादंबरीतली ती निर्वासित स्वयंपाकीण पाहा. आणि मोलकरणी बहुतेक बावळट. ग्लॅडिसचेही वर्णन काही सहानुभूतीने केलेले नाही. सगळी दया लेखिकेने म्हातारीच्या वाट्याला ठेवली आहे.

शेवटच्या आठवड्यात ‘द मिरर क्रॅक्ड’ वाचले, 1962 सालचे. त्यात मिस मार्पल फार म्हातारी झाली आहे, सांभाळायला ठेवलेली बाई तिच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलते, आणि ही तिला काहीबाही आणायला बाजारात पिटाळून स्वतः एकटी फिरायला जाते. गावाबाहेर नवी वसाहत झाली आहे, ती तिला पाहायची असते. तिथे ती चक्क घसरून पडते! माझी करमणूक झाली. डॉक्टर तिला औषध देण्याऐवजी डोक्याला काहीतरी गुंता द्या असे सुचवतात. आमच्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मावशी माझ्या खोलीत गवार निवडायला बसल्या. पंखा इथे बरा चालतो, असे म्हणाल्या. चहा मात्र आत घेऊन आल्या होत्या. ग्लॅडिसचे पुस्तक उशाशी होते, त्यावरचा चिमटा पाहून त्यांनी विचारले, हे कसले चित्र? मी सगळी गोष्ट सांगितली, शेवटच्या पत्रापर्यंत. गवारीच्या शिरा काढीत त्यांनी ऐकून घेतली. खुनी कोण हे त्यांनी विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘आजी, ती म्हातारी एवढी चांगली, तर पोर जिवंत होती तेव्हा तिच्याकडे कधी गेली होती का?’

मी पुस्तक चाळले. तसे कुठे लिहिलेले नव्हते. तसे मी सांगितले. मावशींनी मान हलवली आणि गवारीची परात उचलून आत गेल्या.